घड्याळ अडकलं की "परत खेळवा" कशाला?

बास्केटबॉलच्या सामन्यात घड्याळ अडकलं रे अडकलं की गर्दीतून पहिली ओरड येते, "सर, परत खेळवा!" माझा याला साफ विरोध आहे. यंत्र बंद पडलं म्हणून पोरांनी घाम गाळून केलेला खेळ खोटा ठरत नाही. चुकलीये ती वेळ, तेवढीच दुरुस्त करा.

नागपुरातल्याच एका स्पर्धेतली गोष्ट (नाव सांगत नाही, उगाच भांडणं नकोत). शेवटच्या क्वार्टरचे ४ सेकंद उरलेले. बॉल आत आला, दोन ड्रिबल, पास, लेअप (जाळीजवळ जाऊन मारलेला शॉट), बास्केट. बोर्डावर मात्र अजूनही ४च! एक काका मोबाईल घेऊन थेट टेबलावर. "व्हिडिओ आहे न माझ्याकडे, बघा न सर!" पंचांनी ढुंकूनही पाहिलं नाही, आणि बरोबरच केलं. मुख्य पंचाने सामन्याआधी मंजूर केलेली रिप्ले यंत्रणाच चालते.

मग त्यांनी स्टॉपवॉच मागितलं. टाइमकीपर खिसे चाचपत बसला. फिबाच्या (बास्केटबॉलच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या) नियमांनुसार घड्याळासोबत स्टॉपवॉचही त्याच्याकडे हवंच, पण आपल्याकडे टेबलावर समोसे असतात, स्टॉपवॉच नसतं.

शेवटी कामी आली ती पंचांची मनातली मोजणी. थ्रो-इननंतर (रेषेबाहेरून बॉल आत टाकल्यावर) बॉल मैदानातल्या खेळाडूला लागला की वेळ सुरू होते, तिथपासून दोन्ही पंचांनी मोजलं होतं. बॉल हातातून सुटला तेव्हा वेळ होती, जाळीतून खाली येईपर्यंत संपली होती. दोन्ही कोचना बोलावून तसं सांगितलं, बास्केट दिली, सामना संपला. सामन्याच्या मधेच असं झालं आणि शॉट क्लॉक (संघाला शॉट मारायला मिळणारे २४ सेकंद मोजणारं घड्याळ) वेगळं चालू असेल तर आणखी सोपं: ते २४ वरून १५ वर आलं असेल तर मुख्य घड्याळातून ९ सेकंद कापा न बाप्पा!

"परत खेळवा"चं काय होतं ते म्युनिकला दिसलं. १९७२ ची ऑलिम्पिक फायनल, अमेरिका ५०-४९ ने पुढे. शेवटचे ३ सेकंद पुन्हा पुन्हा खेळवले. एकदा तर घड्याळ नीट लावून व्हायच्या आधीच बॉल आत टाकू दिला. तिसऱ्या खेपेला सोव्हिएत खेळाडू बेलोव्हने बास्केट मारली, सोव्हिएत संघ ५१-५० ने जिंकला. अमेरिकन खेळाडूंनी रौप्यपदकं घेतलीच नाहीत.

आयोजक भाऊंनो, ट्रॉफी एक वीत लहान आणा, चालेल. त्या पैशात दोन स्टॉपवॉच घ्या, आणि पंचांनी सामन्याआधी ती टेबलावर दिसल्याशिवाय शिट्टी वाजवू नये.