उघड्या हाताने जार ओढणाऱ्याला टाळ्या वाजवू नका

सकाळपासून एक व्हिडिओ फिरतोय. म्हैस व्यालीय, जार (व्यायल्यावर पडणारी वार) अडकलाय आणि एक पोरगा कोपरापर्यंत उघडा हात आत घालून तो ओढतोय. खाली 'खरा शेतकरी' म्हणून कौतुक. डोकं सणकलं बघून!

असाच एक तरुण माहितीतला. सातव्या महिन्यात गाभडलेल्या, म्हणजे गर्भ पडलेल्या, गाईचा जार त्याने असाच काढला. काही आठवड्यांनी ताप सुरू. संध्याकाळी चढायचा, रात्री घामाने अंथरूण भिजायचं, सकाळी पुन्हा बरं. आधी टायफॉइड म्हणून सलाईन, मग मलेरियाच्या गोळ्या. कंबर धरली तेव्हा कुठे रक्ताची तपासणी झाली. ब्रुसेलोसिस, जनावरांकडून माणसाला लागणारा जंतूंचा रोग.

गाभडलेलं वासरू, जार, अंगावरून जाणारी घाण यात हे जंतू ठासून भरलेले असतात. नखाजवळच्या चिरेतून, डोळ्यात उडालेल्या थेंबातून शिरतात. कच्च्या दुधातूनही. गाय मात्र ठणठणीत दिसते, पुढच्या खेपेला नीट वितेही आणि दुधातून जंतू सोडत राहते. त्या पोराच्या घरच्यांनी ती गाय बाजार दाखवून मोकळी केली. म्हणजे रोग दुसऱ्याच्या दावणीला! आणि जार? पोत्यात घालून वडाला टांगला, दूध वाढतं म्हणे. खाली कुत्री टपलेली.

मान्य, रात्री दोनला डॉक्टर मिळत नाही. पण खांद्यापर्यंतचा हातमोजा गोठ्यात ठेवता येतो ना? बारा तासांत जार पडला नाही तर डॉक्टरला बोलवा. ओढू नका, वजन बांधू नका. तुकडा आत राहिला तर सडतो आणि गाय पुन्हा गाभ राहायला त्रास देते. गाभडलेली गाय वेगळी बांधा. वासरू आणि जार चार-पाच फूट खोल खड्ड्यात, वर चुना. गरोदर बाईला तिथे फिरकू देऊ नका. दूध उकळूनच प्या.

माणसाला लस नाही. कालवडींना आणि म्हशीच्या मादी पारड्यांना आहे, चार ते आठ महिन्यांच्या वयात, जन्मात एकदाच. 2019 पासून केंद्राच्या कार्यक्रमात ती फुकट टोचतात. लस जिवंत जंतूंची, म्हणून गाभण जनावराला नको, आणि टोचणाऱ्यानेही सुई जपावी.

त्या पोराचा राग नाही हो, त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. डॉक्सीसायक्लिन आणि रिफाम्पिसिन सहा आठवडे घ्यायचं होतं. ताप उतरला म्हणून त्याने दोन आठवड्यांत सोडलं आणि दुखणं उलटलं. तुमच्याकडे असा ताप रेंगाळत असेल तर दवाखान्यात आपणहून सांगा, घरी जनावरं आहेत, एक गाभडली होती. डॉक्टर विचारतीलच असं नाही.