आधी भोपळा की आधी भुरी?

भुरी या बुरशीच्या रोगाला वेळेचे अचूक भान असते. वेल कोवळा असताना, म्हणजे तो गेला तरी आपण दुसरे बी टोचून मोकळे झालो असतो अशा काळात, ती सहसा फिरकत नाही; तिला हाताशी आलेला घास हवा असतो. वनस्पतिशास्त्र याला खोडसाळपणा म्हणत नाही. फळ पोसण्यात गुंतलेल्या वेलाची जुनी पाने रोगाला लवकर बळी पडतात, एवढेच ते सांगते. माझ्या वेलावरचा एकुलता एक लाल भोपळा हिरवेपणा टाकून केशरी होऊ लागला आणि त्याच आठवड्यात बुंध्याजवळच्या पानांवर पिठाच्या बोटांनी स्पर्श केल्यासारखे पांढरे ठिपके उमटले.

पहिले काही दिवस मी ते ठिपके भोपळ्याचे जातिवंत सौंदर्य मानले. तसे मानायला आधारही होता, कारण भोपळ्याच्या काही वाणांत शिरांच्या बेचक्यांतून रुपेरी डाग जन्मतःच असतात आणि ते कितीही पुसले तरी जात नाहीत. भुरी मात्र बोटाला लागते. ती लागली. भ्रमाचा भोपळा फुटला. खरा अजून वेलावरच होता.

बुरशी म्हटली की ओल आलीच, असे आपण धरून चालतो, पण भुरीचे बीजाणू रुजायला पानावर पाण्याचा थेंबही लागत नाही. उलट, साचलेले पाणी त्यांना सोसत नाही. दमट हवा, दाट सावली आणि 20 ते 27 अंश सेल्सियस तापमान एवढ्यावर तिचे भागते. थोडक्यात, ज्या हवेत मला अंगणात खुर्ची टाकून बसावेसे वाटते, त्याच हवेत तिलाही बसावेसे वाटते, आणि अनुकूल दिवस असतील तर आठवड्याच्या आत तिची पुढची पिढी शेजारच्या पानावर बिऱ्हाड थाटते.

"अहो, दूध मारा त्यावर," शेजारच्या काकू कुंपणावरून म्हणाल्या. हा सल्ला वाटतो तितका अडाणी नाही. ब्राझीलमधील संशोधक वॅग्नर बेटिओल यांनी 1999 मध्ये झुकिनीवरील भुरीसाठी गाईच्या दुधाची फवारणी उपयोगी पडते, असे प्रसिद्ध केले होते. मी एक भाग दूध आणि नऊ भाग पाणी या प्रमाणात फवारले. दूध वाळले आणि त्याचे पांढरे डाग पडले. मग कुणी खाण्याचा सोडा सुचवला. त्याचेही पांढरे डाग पडले. आता प्रत्येक पानावर रोग, औषध आणि दुसरे औषध असे तिघे एकाच गणवेशात उभे होते, आणि कोण वाढते आहे व कोण ओसरते आहे हे ओळखण्यासाठी मी भिंग घेऊन वेलापुढे उकिडवा बसू लागलो.

यानंतर निंबोळी तेल आले. तेल मारले की दोन आठवडे गंधक, म्हणजे भुरीवरचे आणखी एक औषध, मारायचे नाही, कारण दोन्ही मिळून पाने करपवतात, आणि तापमान 32 अंशांच्या वर गेले तर गंधक एकटेही ते काम करते. रासायनिक बुरशीनाशकाच्या वेष्टनावर फवारणी आणि काढणी यांत किती दिवस जाऊ द्यायचे ते छापलेले असते. भोपळ्याने ते वाचलेले नसते. काढणीच्या तोंडावर पानावर मारलेली प्रत्येक गोष्ट ताटात येणार, हे एकदा मनात भरले की हातातला पंप आपोआप खाली जातो.

या बाबतीत मला इंग्लंडमधल्या टकर नावाच्या माळ्याचा फार कळवळा येतो. 1845 मध्ये मार्गेट येथे द्राक्षवेलींवर त्याला ही पांढरी पूड प्रथम दिसली आणि 1847 मध्ये बर्कली या शास्त्रज्ञाने त्या बुरशीला त्याचेच नाव दिले. तक्रार करणाऱ्याच्या गळ्यात रोग बांधण्याची पद्धत बरीच जुनी आहे.

फवारणी थांबल्यावर उरली ती कात्री. सर्वांत माखलेली पाने काढावीत, हे बरोबरच आहे. पण भोपळ्यातली साखर पानेच तयार करतात आणि उघडे पडलेले फळ उन्हाने भाजते. त्यामुळे प्रत्येक देठापाशी कात्री नेऊन मी सावकाराच्या वृत्तीने हिशेब करीत असे, की या पानाकडून आणखी किती वसूल होईल. पानांवर भुरी खाणारे पिवळे ढालकिडेही आले. त्यांची भूक मनापासून होती, पण पंगत त्यांच्या आवाक्याबाहेरची होती.

अखेर देठ वाळून लाकडासारखा टणक झाला आणि सालीत नख रुतेना. मी बोटभर देठ ठेवून भोपळा कापला, आठ-दहा दिवस उबदार, हवेशीर जागी ठेवण्यासाठी आत नेला आणि वेल उपटला. ही बुरशी जिवंत पेशींवरच जगते, तेव्हा वेलाबरोबर तिचाही निकाल लागला, असे मी समाधानाने मोठ्याने म्हणत होतो, इतक्यात कुंपणापलीकडून काकूंची हाक आली.

"अहो, आमच्या काकडीच्या पानांवर हे पांढरे काय हो आले आहे?"

"बोटाने पुसून बघा," मी म्हणालो आणि हात धुवायला आत गेलो.