भावोजींचा ‘नॉर्मल’ रिपोर्ट: एका डॉक्टरांच्या आक्षेपाला उत्तर

डॉक्टर, नमस्कार.

भावोजींच्या ‘नॉर्मल’ रिपोर्टवरच्या माझ्या मागच्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला, दुसऱ्यांदा थोडं पटलं, म्हणून सविस्तर लिहितेय. तुमचं म्हणणं असं, की कोलोनोस्कोपीनंतर, म्हणजे मोठ्या आतड्यात दुर्बीण घालून केलेल्या तपासणीनंतर, २२ महिन्यांनी भावोजींना आतड्याचा कॅन्सर निघाला म्हणून मी आधीच्या डॉक्टरांना ‘निष्काळजी’ ठरवलं, परदेशी आकडे इथे आणून चिकटवले आणि रिपोर्टची उलटतपासणी करायला शिकवून पेशंटचा विश्वास घालवला.

आकड्यांचं तुमचं बरोबर आहे. तपासलेल्यांपैकी किती जणांत अ‍ॅडिनोमा (पुढे कॅन्सर होऊ शकणारी गाठ) सापडला, म्हणजे तुमच्या भाषेत एडीआर, तो अमेरिकेत आता ३५ टक्के तरी हवा म्हणतात. आपल्याकडे हा आजार तुलनेने कमी. सरकारी तपासणी तोंड, स्तन आणि गर्भाशयमुखाच्या कॅन्सरपुरती. आतड्यात दुर्बीण घालायची वेळ येते ती बहुतेक वेळा रक्त पडल्यावर, तेही आधी वर्षभर मूळव्याधीची औषधं खाऊन झाल्यावर. त्यामुळे तो ३५चा आकडा मिरजेतल्या डॉक्टरांना लावणं अन्यायच.

पण वेळेचं काय? २००६ मध्ये अमेरिकेतल्या १२ डॉक्टरांच्या तपासण्यांचा अभ्यास छापून आला. काही कापून काढायचं नसताना दुर्बीण मागे घेत आतडं पाहायला सरासरी ६ मिनिटं किंवा जास्त घेणाऱ्यांना २८.३ टक्के लोकांत गाठी सापडल्या, त्याहून घाई करणाऱ्यांना ११.८ टक्के लोकांत. आता तर ८ मिनिटं तरी द्या म्हणतात. आतड्याच्या घड्या तिथेही तशाच आणि तासगावातही तशाच.

भावोजींना हे समजवायला मला काही कष्ट पडले नाहीत. त्यांची द्राक्षबाग आहे. म्हणाले, “डावनी रोग पानाच्या पाठीवर असतोय. सरीतनं नुसतं चालत गेलं आणि बाग हिरवीगार म्हटलं, तर घड जातील की.” त्यांची गाठ उजव्या बाजूला होती. तिथल्या काही गाठी चपट्या असतात, वर चिकट पदार्थाचा थर असतो, आणि आतडं नीट धुतलेलं नसेल तर तो थर आणि मळ यात फरक कळत नाही, हे तुम्हाला मी सांगायला नको.

आणि इथेच मला मागच्या लेखात न लिहिलेली गोष्ट लिहायला हवी. भावोजींनी पोट साफ करायचं औषध निम्मंच प्यायलं होतं. खारट लागलं, मळमळलं, उरलेलं मोरीत ओतलं आणि सकाळी नर्सला “सगळं प्यालो” म्हणून सांगितलं. ऑपरेशननंतर चौथ्या दिवशी ताईसमोर कबूल केलं. ती त्यांच्याशी दोन दिवस बोलली नाही. वर सगळं औषध आदल्या रात्रीच घ्यायला सांगितलेलं. निम्मं रात्री, निम्मं तपासणीच्या पहाटे घेतलं तर आतडं जास्त स्वच्छ होतं, हे आम्हाला खूप नंतर कळलं.

तेव्हा चूक एकट्या डॉक्टरांची नव्हती. पण रिपोर्टमध्ये त्यांनीच सफाई ‘फेअर’, म्हणजे जेमतेम, लिहिली, आणि खाली निष्कर्ष ‘नॉर्मल’. पुन्हा कधी तपासायचं ते नाही. सीकमपर्यंत, म्हणजे मोठ्या आतड्याच्या पार आतल्या टोकापर्यंत, पोहोचल्याचा फोटो नाही, किती वेळ पाहिलं ते नाही. ‘जेवढं दिसलं त्यात काही नाही’ आणि ‘काही नाही’ यातलं अंतर आम्हाला कुणी सांगितलं नाही. हिमोग्लोबिन घसरून ७ होईपर्यंत आम्ही त्या एका शब्दावर निर्धास्त होतो.

दोन वर्षांत नवीनच कॅन्सर उगवू शकतो, हेही तुम्ही लिहिलंय. उगवतो. पण तपासणीनंतर थोड्या वर्षांत निघालेले निम्मे तरी कॅन्सर आधी नजरेतून सुटलेले असावेत, असं तुमच्याच शास्त्रातले लोक सांगतात.

विश्वासाबद्दल एवढंच. मी २८ वर्षं बँकेत कॅशवर बसले. काउंटरवरच नोटा मोजून घेणाऱ्याचा मला कधी राग आला नाही. न मोजता खिशात घालून दुसऱ्या दिवशी भांडायला येणाऱ्याचा यायचा.

हॉस्पिटल कोणतं ते तुम्ही विचारलंय. ते सांगणार नाही. मागच्या लेखातला ‘निष्काळजी’ हा शब्द आज काढलाय आणि औषध ओतून दिल्याचं त्यात घातलंय, भावोजींना विचारून. शीर्षक तेच ठेवलंय.