रोटरी इंजिन हा माझदाचा निव्वळ हट्ट होता का? एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार,

हिरोशिमा येथील माझदा या जपानी मोटार कंपनीवरील माझ्या लेखाला आपण दिलेली सविस्तर प्रतिक्रिया वाचली. आपला रोख थोडक्यात असा आहे : मी या कंपनीचा इतिहास भक्तिभावाने सांगितला, हिरोशिमाच्या शोकांतिकेचे भांडवल केले, रोटरी इंजिन (पिस्टनऐवजी फिरत्या रोटरवर चालणारे) हा व्यवस्थापनाचा अहंकार असताना त्याला जिद्द म्हटले, आणि कंपनी तगली ती जपानची सुमितोमो बँक व अमेरिकेची फोर्ड मोटार कंपनी यांच्या कृपेने, हे मात्र दोन ओळींत उरकले. फ्रान्समधील ल मां येथील चोवीस तासांची मोटारशर्यत, गंजणारे पत्रे, २०२४ मधील चाचण्यांचे प्रकरण आणि रोटरीचे अलीकडचे पुनरागमन यांवरही आपण बोट ठेवले आहे. या सर्वांना चार ओळींत उत्तर देणे शक्य नसल्याने हा स्वतंत्र मजकूर लिहीत आहे.

हिरोशिमाचा मुद्दा आधी घेतो. १९२० मध्ये बुचाचा माल तयार करण्यासाठी स्थापन झालेली ही कंपनी पुढच्याच वर्षी जुजिरो मात्सुदा यांच्या हाती आली आणि १९३१ पासून तीनचाकी मालवाहू गाड्या बनवू लागली. युद्धकाळात तिच्या कारखान्यात सैन्यासाठी रायफली तयार होत, हे आपण निदर्शनास आणलेत आणि ते खरेच आहे. ‘निष्पाप कारखाना’ असे चित्र कोणी रंगवत असेल तर त्याला मीही आक्षेप घेईन. परंतु माझ्या लेखात हिरोशिमा आली ती करुणेसाठी नव्हे. ६ ऑगस्ट १९४५ रोजी अणुबॉम्ब पडला तेव्हा हिरोशिमाजवळच्या फुचू येथील हा कारखाना स्फोटकेंद्रापासून सुमारे पाच किलोमीटरवर होता आणि मध्ये हिजियामा टेकडी असल्यामुळे त्याच्या इमारती उभ्या राहिल्या. शहराचा मध्यभाग बेचिराख झाल्यावर प्रांताचे सरकारी कामकाज त्याच महिन्यात या कंपनीच्या इमारतीत हलवले गेले आणि पुढच्या वर्षापर्यंत तेथूनच चालले. डिसेंबर १९४५ मध्ये तीनचाकी गाड्यांचे उत्पादन पुन्हा सुरू झाले. शहर आणि कंपनी यांचे लागेबांधे त्या काळात असे घट्ट झाले की तीस वर्षांनी, कंपनी बुडण्याच्या बेतात असताना, त्यांचा हिशेब प्रत्यक्ष रोखीत झाला. त्याकडे पुढे येतोच.

आता रोटरी इंजिन. आपल्या प्रतिक्रियेचा हा गाभा आहे आणि माझा मतभेदही येथेच आहे. आपण रोटरीचा निर्णय हा एकच निर्णय मानता. माझ्या मते ते दोन वेगळे निर्णय आहेत, एक १९६१चा आणि एक १९७३ नंतरचा, आणि त्यांना एकाच मापाने मोजले की दोन्हींचा अर्थ हरवतो.

१९६१ मध्ये ही कंपनी तीनचाकी गाड्यांतून नुकतीच मोटारींकडे वळली होती; तिची पहिली मोटार, आर३६० कूपे, आदल्याच वर्षी बाजारात आली होती. त्याच सुमारास जपानच्या व्यापार व उद्योग मंत्रालयाने असा विचार मांडला की परदेशी गाड्यांना बाजार खुला होण्यापूर्वी देशातील मोटार कंपन्यांची मोजक्या गटांत विभागणी करावी. अशा योजनेत हिरोशिमाच्या, मोटारींत नवख्या असलेल्या एका कंपनीच्या वाट्याला काय आले असते हे सांगायला ज्योतिषी नको : तिला टोयोटा किंवा निस्सानच्या दावणीला बांधले गेले असते. अध्यक्ष त्सुनेजी मात्सुदा यांना दुसऱ्या कोणाकडे नसलेले काहीतरी हवे होते. जर्मनीतील एनएसयू या मोटार कंपनीशी फेलिक्स वांकेल यांच्या रोटरी इंजिनाचा परवाना-करार त्यांनी केला तो या कोंडीत. हा अहंकार म्हणायचा असेल तर म्हणावे. मला तो स्वतंत्र राहण्यासाठी भरलेला विम्याचा हप्ता वाटतो.

हप्ता जबर होता, यात शंका नाही. जर्मनीहून आलेले इंजिन काही काळ चालवले की बंद पडे. या इंजिनात पिस्टन वरखाली होत नाही. तिकोनी रोटर एका विशिष्ट वक्राच्या पोकळीत फिरतो आणि त्याच्या तिन्ही टोकांवरील सील सतत भिंतीला घासत राहतात. ते सील विशिष्ट वेगाला थरथरू लागत आणि भिंतीच्या क्रोमच्या मुलाम्यावर एकसारख्या अंतराने खाचा पाडत. अभियंत्यांनी त्या खाचांना ‘सैतानाच्या नखांचे ओरखडे’ असे नाव दिले होते. १९६३ मध्ये केनिची यामामोतो यांच्या हाताखाली सत्तेचाळीस जणांचा स्वतंत्र विभाग उभा राहिला. त्यांनी सीलच्या टोकाजवळ आडवी-उभी छिद्रे पाडून त्याची कंपनसंख्याच बदलली, म्हणजे दुखणे सीलच्या झिजेत नसून थरथरीत आहे हे ओळखले. पुढे प्रत्यक्ष विक्रीच्या गाडीसाठी ॲल्युमिनियम जिरवलेल्या कार्बनचे सील वापरले. मंद गतीला इंजिन अडखळे, म्हणून हवा आत येण्याची वाट बाजूच्या भिंतीतून काढली आणि एकाऐवजी दोन रोटर बसवले. १९६७ मध्ये कॉस्मो स्पोर्ट बाजारात आली.

त्याच वर्षी एनएसयूने स्वतःची रोटरी मोटार, आरओ ८०, विक्रीस आणली. युरोपात ती वर्षातील सर्वोत्तम मोटार ठरली आणि मग सील निकामी होऊन इंजिने वॉरंटीत परत येऊ लागली. त्या खर्चाने कंपनी इतकी खचली की १९६९ मध्ये ती फोक्सवागनच्या छत्राखाली जाऊन आउडीत विलीन झाली. मूळ शोध तोच आणि वर्षही तेच; पण ज्यांच्या घरात तो जन्मला ते त्यापायी बुडाले आणि ज्यांनी परवाना घेतला ते तरले. ही तुलना आपल्या प्रतिक्रियेत कोठेही आलेली नाही. निव्वळ हट्टाने सील टिकत नाहीत.

१९७३ नंतरचा निर्णय मात्र सर्वस्वी वेगळा आहे आणि तेथे आपला राग मला पूर्णपणे मान्य आहे. अमेरिकेत धुराचे नियम कडक होत असताना रोटरी हे कंपनीला वरदान वाटले होते, कारण त्याच्या धुरात नायट्रोजनचे ऑक्साइड मुळातच कमी असत आणि उरलेले न जळलेले इंधन बाहेरच्या थर्मल रिॲक्टरमध्ये जाळून टाकता येई. परंतु तो रिॲक्टर तापता ठेवायचा तर मिश्रणात पेट्रोल अधिक घालावे लागे. धूर शुद्ध झाला तो पेट्रोलच्या जोरावर. ऑक्टोबर १९७३ मध्ये तेलसंकट आले आणि अमेरिकी सरकारी चाचणीत या गाड्यांचे शहरातील ॲव्हरेज लिटरला साडेचार किलोमीटरच्या आसपास असल्याचे जाहीर झाले. कंपनीने काय करावे? तिने चाचणीच्या पद्धतीवर वाद घातला. अमेरिकेतील विक्री वर्षभरात जवळपास निम्म्यावर आली, न विकलेल्या गाड्यांच्या रांगा लागल्या, तरी उत्पादन वेळेवर आवरले नाही. आणि याच काळात, १९७४ मध्ये, रोटरी इंजिनाची मिनीबस बाजारात आणली. १९७५ मध्ये ऑस्ट्रेलियाहून होल्डन या मोटार कंपनीची अवजड बॉडी मागवून तिच्यात रोटरी बसवलेली रोडपेसर काढली. कमी वेगाला जोर न देणारे इंजिन एवढ्या वजनाला जुंपण्यात कोणते तंत्रशास्त्र होते, हे मला आजवर उमगलेले नाही. त्यावेळचे अध्यक्ष कोहेई मात्सुदा हे जुजिरो मात्सुदा यांचे नातू होते आणि १९७७ मध्ये त्यांना पायउतार व्हावे लागले, ते योग्यच झाले.

बँकेने वाचवले, हे आपले म्हणणे खरे आहे. पण अपुरे आहे. सुमितोमो बँकेने पैसा उभा केला आणि आपली माणसे कंपनीत बसवली, हे निर्विवाद. परंतु बँकेच्या पैशाने गाड्या खपत नाहीत. कामगारांना काढून टाकण्याऐवजी कारखान्यातील हजारो माणसे देशभरच्या विक्रेत्यांकडे पाठवली गेली आणि काल यंत्रावर उभा असलेला माणूस दारोदार गाड्या विकू लागला. हिरोशिमातील सुटे भाग पुरवणाऱ्यांनी देणी थकू दिली आणि शहरातील संस्थांनी माझदाच घ्या असा प्रचार केला. तीस वर्षांपूर्वीचे लागेबांधे रोखीत वटले म्हणालो, ते या अर्थाने.

शिवाय कंपनीला पुन्हा पायावर उभे केले ते साध्या पिस्टनच्या फॅमिलिया गाडीने. हे मी मूळ लेखात लिहिले होते, आपल्या नजरेतून निसटले असावे. १९८०ची पुढच्या चाकांवर चालणारी फॅमिलिया जपानच्या ‘कार ऑफ द इयर’ या पुरस्काराची पहिली मानकरी ठरली. नाव रोटरीचे झाले आणि पैसा फॅमिलियाने आणला, असे म्हटले तर ते वास्तवाच्या बरेच जवळ जाईल.

फोर्डबाबत आपण ‘कृपा’ हा शब्द वापरला आहे. १९७९ मध्ये फोर्डने सुमारे पाव हिस्सा घेतला आणि १९९६ मध्ये तो ३३.४ टक्क्यांवर नेऊन हेन्री वॉलेस यांना अध्यक्ष केले. मोठ्या जपानी मोटार कंपनीच्या प्रमुखपदी परदेशी माणूस येण्याची ती पहिलीच वेळ. पण देवाणघेवाण दोन्ही बाजूंनी होती. आशिया-ऑस्ट्रेलियात विकली गेलेली फोर्ड लेझर म्हणजे आतून फॅमिलियाच होती, आणि फोर्ड प्रोब अमेरिकेत माझदाच्याच कारखान्यात बनत असे. आपल्याकडे २००३ मध्ये आलेली पहिली फोर्ड एंडेव्हर पुण्या-मुंबईच्या रस्त्यांवर रुबाबात फिरली. तिचा सांगाडा माझदाच्या पिकअपचा आणि अडीच लिटरचे डिझेल इंजिनही माझदाचेच होते. माझदा भारतात मोटारी विकतच नाही, मग मराठीत लिहिता कशाला, या आपल्या प्रश्नाचेही अर्धे उत्तर यात आले. उरलेले अर्धे उत्तर म्हणजे १९८०च्या दशकात पंजाबात सुरू झालेली स्वराज माझदा, जिच्या मिनीबसमधून आपल्यापैकी अनेक जण शाळेत गेले आहेत.

ल मांबद्दल फार लिहीत नाही. १९९१ मध्ये माझदाच्या रोटरी इंजिनाच्या ७८७बी गाडीला सुमारे ८३० किलो वजनावर धावण्याची सवलत होती आणि मुख्य प्रतिस्पर्ध्यांना हजार किलो बाळगावे लागत होते, हे आपण सांगितले ते बरोबर आहे. आघाडीची मर्सिडीज शर्यत संपायला सुमारे तीन तास उरले असताना बंद पडली, हेही बरोबर. मात्र त्या शर्यतीत या गाडीला आणि तिच्या मुख्य प्रतिस्पर्ध्यांना इंधनाचा कोटा ठरलेला होता, हे आपण सांगितलेले नाही. पेट्रोल पिणारे म्हणून बदनाम झालेले इंजिन चोवीस तास मोजून मिळालेल्या इंधनावर धावले आणि जिंकले. वजनाची सवलत वजा करूनही यात काहीतरी शिल्लक राहते.

गंजाची तक्रार रास्त आहे. २०००च्या दशकातील माझदा ३ आणि माझदा ६ थंड, मीठ टाकलेल्या रस्त्यांच्या देशांत चाकांच्या कमानींपाशी लवकर गंजत. चालवण्याच्या सुखासाठी वाखाणल्या गेलेल्या गाडीचा पत्रा तिच्या इंजिनाआधी जावा, ही नामुष्कीच होय. जून २०२४ मध्ये जपानच्या परिवहन मंत्रालयाने उघड केलेल्या प्रकरणात टोयोटा, होंडा, सुझुकी व यामाहा यांच्यासोबत माझदाही होती : इंजिनाच्या चाचणीत नियंत्रण-प्रणाली बदलणे आणि जुन्या मॉडेलांच्या टक्कर-चाचणीत एअरबॅग बाहेरच्या टायमरने उघडणे, असे प्रकार आढळले. ‘सगळेच करत होते’ हा बचाव मी करणार नाही. विशेषतः ज्या कंपनीची सारी पत तिच्या अभियंत्यांवर उभी आहे, तिच्या चाचणीगृहात असे घडणे अधिक गंभीर मानावे लागेल.

राहिला आपला शेवटचा प्रश्न : २०२३ मध्ये एमएक्स-३० या गाडीत रोटरी परत आणण्याचे प्रयोजन काय? येथे इंजिन चाके फिरवत नाही. ८३० सीसीचा एकच रोटर फक्त वीज तयार करतो. १७.८ किलोवॅट-तासांच्या बॅटरीवर गाडी सुमारे ८५ किलोमीटर जाते आणि पुढच्या प्रवासासाठी पन्नास लिटरची टाकी आहे. इंजिन आटोपशीर असल्यामुळे ते मोटर आणि जनित्र यांच्या शेजारी एकाच ओळीत बसते, हा कंपनीचा युक्तिवाद पटण्यासारखा आहे. पण केवळ वीज बनवण्यासाठी ठराविक गतीला चालणारे इंजिन निवडायचे तर पहिला निकष इंधनाच्या काटकसरीचा असायला हवा, आणि त्या निकषावर स्वतः माझदाचेच, मिश्रण १४ला १ इतक्या प्रमाणात दाबून जाळणारे स्कायॲक्टिव्ह पेट्रोल इंजिन मला अधिक योग्य वाटते. तेव्हा ‘हट्ट’ हा आपला शब्द १९६१ला मी लावू देणार नाही, परंतु या गाडीला लावायला माझी हरकत नाही.