विनापरवाना रोबो पाळताना घ्यावयाची काळजी

तुमचं वय चाळिशीच्या आसपास, घराचे हप्ते चालू, आणि हॉलमधल्या काचेच्या कपाटात ट्रकचे, विमानांचे, डायनासोरांचे होणारे आठ-दहा 'ट्रान्सफॉर्मर्स' रोबो ओळीने उभे. इथवर सगळं ठीक. पण त्यातला एखादा जरी 'थर्ड पार्टी' असला, म्हणजे या खेळण्यांचे हक्क असलेल्या अमेरिकेच्या हॅस्ब्रोला किंवा जपानच्या टाकारा टोमीला न विचारता तिसऱ्याच कुणी घडवलेला, तर रात्री दिवा मालवताना मनात जरा कुरकुर होते. त्या कुरकुरीवर इलाज सांगतो. सगळे स्वतःवर करून पाहिलेले आहेत.

सगळ्यात आधी नाव घ्यायचं नाही. पूर्वी बायका नवऱ्याचं नाव घेत नसत, घेतलंच तर उखाण्यात. हा धंदा त्याच चालीवर चालतो. मूळ मालिकेतल्या डिव्हॅस्टेटरसारखाच हिरवा, त्याच्यासारखाच सहा बांधकाम यंत्रांचा मिळून बनणारा राक्षस बाजारात येतो, पण खोक्यावर 'हर्क्युलिस'. पाच श्वापदं एकत्र येऊन प्रिडाकिंग होतो, त्याचं नाव 'फेरल रेक्स'. शॉकवेव्हचा झाला 'क्वेकवेव्ह'; तिथे मात्र उखाणा रचणाऱ्याने कंटाळा केलेला दिसतो. छातीवर ऑटोबॉट (सज्जन) किंवा डिसेप्टिकॉन (दुष्ट) गटाचं चिन्हही नसतं. चिन्हाच्या मापाची सपाट रिकामी जागा मात्र असते, अगदी मधोमध. चिन्हाचे स्टिकर वेगळे मागवायचे, तेही चौथ्याच पार्टीकडून. ते चिमट्याने चिकटवताना हात थरथरला तर तो वयाचा दोष समजावा, मनाचा नव्हे.

मग इतिहास पाठ करून ठेवा, वादात फार कामी येतो. ट्रान्सफॉर्मर्स १९८४ साली अमेरिकेत आले, पण ही खेळणी हॅस्ब्रोने मुळातून घडवली नव्हती. ती जपानच्या टाकारा कंपनीच्या डायक्लोन आणि मायक्रो चेंज या मालिकांमधली. नायक ऑप्टिमस प्राइम तिकडे 'बॅटल कॉन्व्हॉय' होता. जेटफायर तर टाकाराचाही नव्हे. तो टाकातोकू कंपनीच्या, 'मॅक्रॉस' या जपानी कार्टूनमधल्या विमानाचा साचा. म्हणूनच कार्टूनमध्ये त्याचा चेहरामोहरा बदलून 'स्कायफायर' करावा लागला. एवढं ऐकवलं की समोरचा निम्मा गार होतो. उरलेल्या निम्म्यासाठी डायक्लोनमधली लान्सिया स्ट्रॅटोस गाडी काढा. हिचाच पुढे व्हीलजॅक झाला. तिची एक लाल-पांढरी आवृत्ती निघाली होती आणि तिच्यावर सिगारेटच्या ब्रँडचं नाव जरासं फिरवून 'मार्लबूर' छापलं होतं. मार्लबूर! हा शब्द नीट उच्चारायचा, मग क्षणभर थांबायचं आणि म्हणायचं, "आता बोला."

या इतिहासाला एक शेपूट आहे: हॅस्ब्रोने टाकाराशी रीतसर करार केला होता, पैसे मोजले होते. ते शेपूट चपलांबरोबर दाराबाहेर ठेवायचं.

आदराचा मुद्दाही जवळ असू द्या. "ही नक्कल नाही, मानवंदना आहे." कार्टूनमधल्या रोबोंचे चेहरे, विशेषतः १९८६च्या चित्रपटातले, बऱ्याच अंशी फ्लोरो डेरी या फिलिपिनो चित्रकाराने रेखाटले. थर्ड पार्टीवाले त्या रेषा इतक्या भक्तिभावाने उतरवतात की हनुवटीचा कोनही चुकत नाही. या भक्तीतून चित्रकाराच्या हाती काय पडलं, हे विचारणारा माणूस रुक्ष असतो. त्याला चहा द्या आणि विषय हवामानाकडे वळवा.

"कंपनी बनवतच नाही, मग आम्ही काय करायचं?" हा युक्तिवाद एके काळी खणखणीत होता. ऐंशीच्या दशकातला डिव्हॅस्टेटर नव्या घडणीत, मोठ्या आकारात हवा असेल तर हॅस्ब्रोकडे वर्षानुवर्षं काही नव्हतं. ती भूक थर्ड पार्टीने भागवली, हे मी उपरोध बाजूला ठेवूनही मान्य करीन. त्यांचे सांधे, रंग, बारकावे पाहून मूळ कंपनीलाही घाम फुटला असणार. पण २०१५ साली हॅस्ब्रोने स्वतःचा भलामोठा डिव्हॅस्टेटर आणला आणि आपली पंचाईत झाली. काळजी नको. लगेच म्हणायचं, "त्याचे सुटे रोबो कोपरात वाकत नाहीत हो." २०१९ साली त्यांनी युनिक्रॉन या महाकाय रोबोसाठी आगाऊ नोंदणी मागितली, अट आठ हजार ग्राहकांची, किंमत पावणेसहाशे डॉलरच्या घरात. तेव्हा म्हणायचं, "ही तर लूट आहे." बनवलं नाही तर बनवत नाहीत, बनवलं तर महाग बनवतात. अशा अन्यायापुढे आपण गप्प का बसावं?

कस्टमचा प्रसंग मात्र नाजूक. आयात खेळण्यांवरचा कर २०२० साली २० वरून ६० टक्के झाला, २०२३ साली ७०. त्यात २०२१च्या सुरुवातीपासून १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना आयएसआय मार्क सक्तीचा. तेव्हा पार्सल अडकलं की ठामपणे सांगायचं, "हे खेळणं नाही. ही प्रौढांची संग्राह्य वस्तू आहे." आणि घरी आल्यावर कुणी नीतीचं विचारलं, तर तितक्याच ठामपणे, "अहो, साधं खेळणं तर आहे!" या दोन्ही वाक्यांचे साक्षीदार एका खोलीत येणार नाहीत एवढं पाहा.

राहता राहिला 'केओ' (नॉकऑफ), म्हणजे नकलेची नक्कल. थर्ड पार्टीने दोन वर्षं खपून साचा काढावा आणि दुसऱ्या कुणी तो जसाच्या तसा उतरवून पाव किमतीत विकावा, हे ऐकून तुमचं रक्त उसळलंच पाहिजे. "डिझायनरच्या मेहनतीचं काय? ही सरळ चोरी आहे!" असं म्हणताना टेबलावर हात आपटला तरी चालेल, फक्त त्यावर क्वेकवेव्ह उभा नसावा. त्याचा बोटाएवढा जोड निसटतो. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं. फक्त इथे बाब्याचं रेशनकार्डही आपल्याकडे नाही.

आता भाच्याबद्दल. तो नऊ वर्षांचा आहे आणि उखाण्याची रीत त्याला ठाऊक नाही. काचेपाशी आला आणि म्हणाला, "मामा, हा ऑप्टिमस प्राइम ना?" मी म्हटलं, "तसं नाही म्हणता येणार." "मग कोण आहे?" मी खोक्यावरचं नाव सांगितलं. त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जसं आपण खोटं बोलणाऱ्या पाहुण्याकडे पाहतो. मग पिशवीतून त्याने स्वतःचा काढला. क्रॉफर्ड मार्केटमधून त्याच्या बाबांनी घासाघीस करून साडेसहाशेत आणलेला. तोच ट्रक, त्याच खिडक्या, त्याच मापाचा. माझ्याच्या पायाच्या घडीत मी पहिल्या दिवशी पाऊण तास घालवला होता, यूट्यूब थांबवत थांबवत. पोराने त्याचा चार मिनिटांत उभा केला.

मी त्याला नक्कल का वाईट असते ते समजावून सांगितलं. मेहनत, साचा, डिझायनर, सगळं. तो वेफर्स खात ऐकत होता. बोलण्याच्या भरात मी माझा हातात घेतला, गुडघा वाकवून दाखवायला गेलो, आणि कट्कट् आवाजाऐवजी एकच 'टक्' झाला. गुडघ्यातली खीळ दोन तुकडे होऊन सोफ्याखाली गेली. त्या विक्रेत्याकडे सुटे भाग मिळत नाहीत, हे मला आधीच्या एका खांद्यामुळे ठाऊक होतं.

शेवटी भाच्याला आइस्क्रीम आणि एक खराखुरा, परवाना असलेला बम्बलबी कबूल केला. मग चष्म्याचा स्क्रूड्रायव्हर आणला, त्याच्या साडेसहाशेवाल्याचा डावा गुडघा उघडला, त्यातली खीळ काढून माझ्यात घातली. जराही घासावी लागली नाही.