पृथ्वी सपाट आहे हे सिद्ध करायचंय? मग आधी नकाशा नीट निवडा

वादात उतरण्याआधी एक करा, घरात मुलांचा पृथ्वीगोल असेल तर तो माळ्यावर टाका. गोल आणि दोरा एका खोलीत सापडले की वाद पाच मिनिटात संपतो, मग रविवारची दुपार काढायची कशी? आपल्याला पाहिजे नकाशा, तोही कागदावरचा, म्हणजे सपाट करायचं काम छापखान्यानेच करून ठेवलेलं.

सुरुवात बाळंतपणाने करा. ऑक्टोबर 2015 मधे तैपेईहून लॉस एंजेलिसला निघालेल्या चायना एअरलाइन्सच्या विमानात एका बाईंना कळा सुरू झाल्या, बाळ वरच झालं आणि विमान उतरवलं कुठे तर अलास्कात, अँकरेजला. आता शाळेच्या भिंतीवरचा तो मर्केटर नकाशा काढा (1569 चा, जहाजवाल्यांच्या सोयीचा, त्यात ग्रीनलंड जवळपास आफ्रिकेएवढं दिसतं, खरं तर आफ्रिका 14 पट मोठी, पण हे आपण होऊन बोलायचं नाही), पट्टी ठेवून सरळ रेघ मारा आणि आवाज चढवून विचारा, मधे हवाई होतं ना, मग बाईला घेऊन एवढ्या वर कशाला गेले? कोणी म्हणालाच की गोलावर दोरा ताणला तर जवळची वाट हवाईच्या बरीच वरून, अलास्काला लागून असलेल्या अल्यूशियन बेटांच्या बाजूने जाते आणि तिथून अँकरेजच जवळ पडतं, तर सांगायचं, दाखव बरं गोल. माळ्यावरून कोण काढतंय.

मग समोरच्याचं लक्ष नसताना नकाशा बदला. दुसरा नकाशा म्हणजे उत्तर ध्रुव मधोमध आणि अंटार्क्टिका कडेने गोल बर्फाची भिंत. पुरावा म्हणून युनोचा झेंडा दाखवा, त्यावर ह्याच पद्धतीचा नकाशा आहे. फक्त तो 60 अंश दक्षिणेलाच संपतो, त्यामुळे भिंत दिसत नाही, पण तेच तर कारस्थान आहे ना!

ह्या नकाशात एकच भानगड, दक्षिणेकडे जायचं नाही. सिडनीहून चिलीतल्या सँटियागोला क्वांटासची थेट फ्लाइट आहे, गोलावर अंतर साधारण 11,300 किमी, वेळ साडेबारा तासांच्या आसपास. तुमच्या नकाशावर तेच अंतर 25 हजारांच्या वर जातं, म्हणजे साधं प्रवासी विमान आवाजापेक्षा जोरात जाणाऱ्या कॉन्कॉर्डच्या स्पीडने, तेही मधे कुठे इंधन न भरता. घाबरू नका, ही फ्लाइटच खोटी आहे म्हणा. तिकीट मिळतंय म्हणाले तर तिकीट खोटं, आतली माणसं पगारी नट. पण कोणीतरी खडूस पर्थ-सिडनी काढतोच, तिथे नकाशावर सरळ रेषेत 8 हजार किमी भरतात आणि लोक रस्त्याने 3,900 च्या आसपास चालवून पोचतात, आता पगारी नटांत ऑस्ट्रेलियातले सगळे ट्रकवाले पण घ्यावे लागतील, थोडा खर्च वाढेल.

'आपल्या पूर्वजांना सगळं ठाऊक होतं' हा फॉरवर्ड मात्र त्याच दिवशी त्याच ग्रुपवर टाकू नका. आपले भास्कराचार्य 1150 मधेच लिहून बसलेत की परिघाचा शंभरावा भाग सरळच दिसतो, पृथ्वी अफाट आणि माणूस एवढासा, म्हणून त्याला ती सपाट वाटते. पूर्वजांनी असा घात करायला नको होता. अभिमान सोमवारी, सपाट पृथ्वी गुरुवारी, असं वाटून घ्या.

आणि अंटार्क्टिकाचं आमंत्रण आलं तर चुकूनही हो म्हणू नका. डिसेंबर 2024 मधे अमेरिकेतल्या एका पाद्रीबुवांनी दोन्ही बाजूंच्या लोकांना तिकडे नेलं, बर्फात उभं करून 24 तास न मावळणारा सूर्य दाखवला, जो तुमच्या नकाशात बसतच नाही, आणि सपाटवाल्यांतला एक नावाजलेला यूट्यूबर तिथल्या तिथे म्हणाला की हो, सूर्य फिरतोय खरा. बिचाऱ्याला घरी पोचायच्या आधीच आपल्याच लोकांनी विकला गेला म्हणून घोषित केलं. तुम्ही सांगा, भाचीचं लग्न आहे.