चार तासांचं तर आहे नाशिक

दिवाळीला पुण्याहून नाशिकला घरी जायचंय आणि डोक्याला ताप नकोय? सोप्पंय. पहिलं म्हणजे आगाऊ बुकिंग अजिबात करू नका. बुकिंग नागपूर-नांदेडवाले करतात, आपलं काय, दोनशेच्या वर थोडं अंतर, चार तासांचं तर आहे. हे वाक्य वसुबारसेपर्यंत ऑफिसात रोज एकदा म्हणा, शेजारच्या डेस्कवरचा नाशिकच्या सिडकोतला पोरगा पण तेच म्हणतोय, पलीकडची इंदिरानगरची मुलगी पण, आणि तुम्ही सगळे एकाच दुपारी "गर्दीच्या आधी" निघणार आहात.

रेल्वेचा विचार मनातून काढा, थेट रूळच नाहीत. पुणे-नाशिक सेमी हायस्पीडच्या बातम्या तेवढ्या वेळेवर येतात, मध्ये खोडदची ती मोठी रेडिओ दुर्बीण आडवी आली, ४५ मीटरच्या ३० डिश आहेत तिथे, गाडीमुळे तिच्या कामात अडथळा येईल म्हणून मार्गच फिरवायचं ठरलं. बरोबरच आहे. लांबच्या आकाशगंगेचा आवाज ऐकणं महत्त्वाचं, चाकणचे हॉर्न काय कोणीपण ऐकतं.

मग उरली एसटी. मेट्रोच्या कामासाठी शिवाजीनगर स्टँड २०१९ संपता संपता "तात्पुरतं" वाकडेवाडीला हलवलं, तिथे जा आणि खिशात स्वच्छ रुमाल ठेवा, खिडकीतून सीटवर टाकायला. समोर एसी ई-बस लागली तर तिच्या काचा उघडत नाहीत, त्या रुमालाने घाम पुसा. रांगेत एक काका भेटतीलच, बायकांना मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट केलं म्हणून ही गर्दी झाली असं समजावून सांगणारे. मान हलवा. काकूंचं अर्धं तिकीट काकांच्याच शर्टाच्या खिशात असतं.

खाजगी बसवाल्याने भाडं ऐकवलं की घाबरू नका, आपल्याला कायदा माहितीये. एसटीच्या दीडपटीपेक्षा जास्त भाडं घेता येत नाही असा सरकारी नियम २०१८ पासून आहे, तो बसच्या दारात उभं राहून मोठ्याने सांगा. मंडळी फार प्रेमळ असतात, पूर्ण ऐकून घेतात, आणि मग "साहेब एसटीनेच जा ना" असं म्हणून तुमची सीट मागच्या माणसाला देतात.

स्वतःची गाडी असेल तर उत्तमच, नाशिक फाटा, भोसरी, मोशी, आणि मग चाकणचा तळेगाव चौक. कंपन्यांना त्याच दिवशी सुट्टी लागलेली असते. इंजिन बंद करा, दिवाळीचे सगळे मेसेज इथेच उरकून घ्या, पाडव्याचेपण.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आईचा फोन. "कुठपर्यंत आलास रे?" याला खरं उत्तर द्यायचं नसतं, नेहमी एक गाव पुढचं सांगायचं. मोशीत असाल तर मंचर, नारायणगावात असाल तर संगमनेर. पण चंदनापुरी घाट उतरायच्या आधी चुकूनही "सिन्नर" म्हणू नका, कारण सिन्नर ऐकलं की आई कणिक मळायला घेते, भाजी परत गरम होते, बाबा पायात चपला घालून गेटपाशी येतात, आणि मग तुम्ही दोन तासांनी पोचलात की कोणी काहीच बोलत नाही, फक्त भाजी तिसऱ्यांदा गरम होते. त्यापेक्षा "रेंज नाहीये, आवाज तुटतोय" बरं. एवढ्या टॉवरांच्या हायवेवर ते अजून चालतं, आयांचं मन मोठं म्हणून.

हॉल्टला मिसळ मागवा. ती खाताखाता पापड का नाही दिला, रस्सा गोड का, हिला मिसळ म्हणतात का, हे शेजारच्याला सांगत रहा, तो नाशिकचाच असणार, त्यामुळे पुढचा तास मस्त जातो. ड्रायव्हर हॉर्न देतो ते इथेच.

नाशिकरोड आलं की आलोच असं वाटतं. वाटू द्या. पुढे द्वारका चौकातलं ट्रॅफिक आहे. २०२७ च्या कुंभमेळ्याची तयारी चालू आहे त्यामुळे गेल्या वेळचा रस्ता याही वेळी तिथेच असेल असं धरून चालू नका, आणि रिक्षावाल्याला मीटर टाका म्हणू नका, सणासुदीला कशाला कोणाचं मन दुखवायचं.

परतीचं प्लॅनिंग तर करूच नका. भाऊबीज झाली, जेवण झालं, थोडं आडवं झालो आणि चारला निघालो, असं अख्ख्या गंगापूर रोडने ठरवलेलंच असतं, त्यांच्याबरोबर निघा. आई चिवडा, शंकरपाळ्या आणि अनारसे देईल. अनारश्यांचा डबा वरच्या रॅकवर ठेवा, म्हणजे आळेफाट्याच्या आत कोणीतरी त्यावर सुटकेस टाकेल. काळजी नाही, राहिलेला चुरा पुण्यात रूममेटला चमच्याने खायला द्या, तो लखनौचा आहे, त्याला वाटेल हे असंच खातात.